परीटघडी आणि आपण

(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा विषय निवडण्याची मुभाही दिली. शिक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह, लग्नातील उधळपट्टी हे विषय आपल्या स्मरणिकेत दरवर्षी येतात आणि ते यावेतच. आम्ही मात्र आज अशा विषयावर बोलणार आहोत की, जो ऐकून मागच्या रांगेतील तरुण मंडळींना थोडे हसू येईल. रोजच्या जीवनात माणसाने नीटनेटके राहावे आणि आपल्या अंगावरील पोशाखाविषयी योग्य तो अभिमान बाळगावा, हा तो विषय होय. परटांच्या सभेत कपड्यांवर भाषण म्हणजे कोळ्यांच्या सभेत मासळीवर भाषण, असे कोणी म्हणेल. पण जी गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांसाठी केली, ती स्वतःसाठी किती केली, हा प्रश्न आजवर या व्यासपीठावरून विचारला गेलेला नाही, म्हणून तो विचारण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

मराठी भाषेत बलुतेदारांच्या नावांवरून म्हणी व वाक्प्रचार पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी थट्टाच अधिक. आपल्या वाट्याला मात्र एक शब्द मोठ्या मानाचा आला आहे. तो शब्द 'परीटघडी'. मनुष्य उत्तम पोशाखात आला की, 'परीटघडीचे कपडे घालून आला' असे म्हणतात. असे म्हणणाऱ्याच्या मनात त्या वेळी परीट नसतो हे खरे, परंतु शब्दात तो असतोच. नीटनेटकेपणाला महाराष्ट्राने नाव दिले ते आपले!

दुसरा मान पायघड्यांचा. लग्नात नवरदेवापुढे, देवाच्या पालखीपुढे पायघड्या अंथरण्याचा हक्क गावोगाव परटाकडे असे. तुकोबारायांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर बारामतीजवळील काटेवाडीत येते, तेव्हा आपले बांधव आजही धोतरांच्या पायघड्या घालतात. ज्या वस्त्रावरून संतांची पालखी जायची, ते वस्त्र निर्मळ असल्याची ग्वाही परटाने द्यायची, असा त्यातील अर्थ आम्ही घेतो.

एवढा मान असलेल्या समाजाच्या अंगावर परीटघडी किती दिसली? येथे जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी आपले बालपण आठवावे. आम्ही आमचे सांगतो.

आमचे वडील गावातील साठ-सत्तर घरांचे कपडे धूत. नदीकाठी भट्टी लागे. तांब्याच्या हंड्यावर पापडखारात आणि सोड्यात भिजवलेले कपडे रचून रात्रभर वाफ द्यायची, पहाटे दगडावर आपटायचे, नीळ द्यायची, खळ द्यायची, आणि सायंकाळी पितळी इस्त्रीत करवंटीचे कोळसे फुलवून घड्या घालायच्या. कोणता कपडा कोणत्या घरचा, हे ओळखण्यासाठी बिब्ब्याची खूण असे. बिब्ब्याला टोचून काढलेला रस चुन्यात मिसळून कपड्याच्या कोपऱ्यावर लावला की, काळी खूण उमटते आणि ती वस्त्र फाटेतोवर जात नाही. इनामदारांना दोन ठिपके, गुरुजींना आडवी रेघ, डॉक्टरांना फुली. वडिलांना अक्षरओळख जेमतेम होती, पण ही सगळी लिपी तोंडपाठ होती. रस लावताना बोटांवर बिब्बा उतत असे आणि त्याचे डाग व फोड आम्ही लहानपणापासून पाहात आलो.

आम्ही इयत्ता पाचवीत असताना आईने आमच्यासाठी पांढऱ्या मांजरपाटाचा सदरा शिवून घेतला. वडिलांनी तो हौसेने धुतला, बेताची खळ दिली आणि इस्त्री केली. तो घालून आम्ही शाळेत गेलो. वर्गात शिरताच शिक्षकांनी आम्हांस पुढे बोलावले, कॉलर दोन बोटांत धरली आणि विचारले, "काय रे, आज कोणाचा सदरा घालून आलास?" सगळा वर्ग हसला. शिक्षक मनाने दुष्ट नव्हते, त्यांनी विनोद केला होता. पण आम्ही घरी येऊन तो सदरा काढला आणि चुरगाळून कोपऱ्यात टाकला. वडिलांनी कारण विचारले. आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. मात्र त्या दिवसापासून आमच्या घरच्या माणसांच्या कपड्यांना इस्त्री लागली नाही. परटाच्या मुलाच्या अंगावर सुरकुतलेला कपडा असला, म्हणजे तो त्याचा स्वतःचा आहे, याबद्दल कोणास शंका उरत नाही! बंधूंनो, नीटनेटके दिसण्याचीसुद्धा आपल्याला चोरी होती.

आता हा संशय सर्वस्वी निराधार होता, असे आम्ही म्हणणार नाही. एखाद्या तरुणाने मुलगी पाहावयास जाताना गिऱ्हाइकाचा कोट अंगात चढवला, एखादीने लग्नात वाड्यावरचे लुगडे नेसून मिरवले, असे प्रसंग घडले आहेत, आणि येथे बसलेल्या काही वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावरील हसू तेच सांगते. ते चूक होते. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू वापरणे हे व्यवसायाला काळिमा लावणारेच. परंतु ज्याच्या घरात दुसऱ्यांच्या वस्त्रांचे ढीग आणि स्वतःचा एकच सदरा, त्याच्या मनात काय येत असेल, याचाही विचार करावा. आणि चार जणांच्या चुकीची शिक्षा म्हणून सबंध समाजाने पिढ्यान् पिढ्या चुरगळलेले राहावे, हा न्याय कोणता?

तो काळ गेला. टेरीकॉट आला, घरोघरी धुलाईयंत्रे आली, नदीवरच्या भट्ट्या विझल्या. आपली पुष्कळशी मुले आता कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत आहेत आणि कोणी त्यांची कॉलर धरून प्रश्न विचारीत नाही. तरी ती सवय मात्र मागे राहिली आहे. आपल्या इस्त्रीच्या दुकानांत जाऊन पाहा. टांगलेले सदरे कसे कडक, आणि त्यांना इस्त्री करणारा बांधव भोके पडलेल्या बनियनमध्ये! शेगडीपाशी उष्मा होतो हे आम्हांस ठाऊक आहे. आम्ही त्या उष्म्यात वाढलो आहोत. पण उष्म्यासाठी सुती, सैल, अर्ध्या बाह्यांची स्वच्छ बंडीही चालते. गिऱ्हाईक कपडे द्यावयास येते तेव्हा त्याची नजर प्रथम आपल्यावर पडते, हे व्यवहाराच्या दृष्टीनेही विसरून चालणार नाही.

या विषयाची वाच्यता केल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हांस अडविले. ते म्हणाले, "गाडगेबाबांनी जन्मभर चिंध्या अंगावर घेतल्या, आणि तुम्ही त्यांच्या समाजाला इस्त्रीचे कपडे शिकवता?" आक्षेप वजनदार आहे आणि त्यास उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

बाबांचा जन्म १८७६ सालचा, शेंडगावचा. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवीपर्यंत ठिगळांचे वस्त्र, डोक्यावर मडक्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच आणि हातात झाडू हाच त्यांचा वेष राहिला. परंतु तो वेष त्यांनी स्वीकारलेला होता. आळसाने किंवा भीतीने तो त्यांच्या अंगावर आलेला नव्हता. गावात शिरले की ते प्रथम रस्ते झाडीत आणि मग कीर्तन करीत. स्वतः चिंध्या नेसणाऱ्या या पुरुषाने उघड्यानागड्यांना वस्त्र देणे हे भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी देण्याच्या पंक्तीला बसविले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या त्या दुसऱ्यांसाठी. लोकांनी मळकट राहावे असे त्यांनी कधी सांगितले नाही. सर्व आयुष्य त्यांनी त्याच्या उलट सांगितले. तेव्हा आपल्या हेळसांडीला बाबांच्या चिंध्यांचा आधार देणे हा बाबांवर अन्याय आहे.

जोतीराव फुले यांचे उदाहरणही असेच. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ भरलेल्या समारंभास ते शेतकऱ्याच्या वेषात गेले. जरीच्या पोशाखातील मंडळींत खरा हिंदुस्थान कसा दिसतो, हे पाहुण्यास कळावे हा हेतू. ज्यांनी फाटके वस्त्र निवडले, त्यांनी ते काही सांगण्यासाठी निवडले. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात त्यांनी याची दुसरी बाजू मांडली. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा आणि कथलाचांदीचे जे जड दागिने हीनपणाची खूण होऊन बसले होते, ते टाका आणि स्वच्छ राहा, असा त्यांचा उपदेश होता. वेषावरून जात ओळखू येणे हे किती मोठे बंधन आहे, हे त्यांनी जाणले होते. आमच्या सुरकुतलेल्या सदऱ्याने तरी दुसरे काय सांगितले?

काही मंडळी म्हणतील, कपड्यांना पैसा लागतो. लग्नसराईत आपला पैसा कोठे जातो ते आम्ही पाहतो. नवरदेवाची शेरवानी एका संध्याकाळपुरती भाड्याने येते आणि तिच्या भाड्यात सुती सदऱ्यांचे दोन जोड सहज व्हावेत. सणाच्या दिवशी सगळेच सजतात. आम्ही बोलत आहोत ते मंगळवार-बुधवारच्या कपड्यांबद्दल. तुटलेले बटण त्याच दिवशी लावावे, उसवलेली शिवण लगेच घालावी, विरलेला कपडा रफू करून वापरावा व त्याची लाज धरू नये, नखे काढलेली असावीत, वहाणा पुसलेल्या असाव्यात. यांपैकी कशाला पैसा लागतो?

आणि बाकीची विद्या तर आपल्या घरचीच आहे. ती नव्या पिढीच्या हातून सुटत चालली आहे म्हणून उच्चारून ठेवतो. कॉलरवर आणि बाह्यांच्या टोकांवर धुण्यापूर्वी ओला साबण चोळून घटकाभर ठेवावा, तेथला मळ नुसत्या यंत्राने निघत नाही. नीळ फडक्यात बांधून पाण्यात हलवावी, नाही तर डाग पडतात. रंगीत कपडा उलटा करून सावलीत वाळवावा. खळ भाताच्या पेजेची, गाळलेली आणि पातळ. पुठ्ठ्यासारखा ताठ सदरा हे चांगल्या कामाचे लक्षण नव्हे. सुती कपड्यावर पाणी शिंपडून, गुंडाळून तासभर ठेवावा आणि मग इस्त्री करावी. प्रथम कॉलर, मग खांदे, मग बाह्या, शेवटी पुढचे-मागचे अंग. आपल्या मुलांपैकी कितींना हे येते? बँकेतील नोकरी लागल्यावर वडिलांची इस्त्री हाती धरण्याची लाज वाटावी, हे आम्हांस समजत नाही. आपला सदरा आपण इस्त्री केला तर नोकरी जात नाही. मुलींनाच हे शिकवायचे आणि मुलांनी आयते घालायचे, ही रीतही आता मोडावी.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. बी.ए. झाल्यावर आम्हांस जिल्ह्याच्या गावी कारकुनाची नोकरी लागली. निघण्याच्या आदल्या रात्री वडिलांनी आमचे दोन्ही सदरे मागून घेतले. आईने आमच्या शाळेतल्या त्या प्रसंगानंतरच्या वर्षांत घरच्या कपड्याला इस्त्री लागलेली पाहिली नव्हती, ती दारात उभी राहून बघत होती. वडिलांनी कोळसे फुलवले, सदरे शिंपडले आणि प्रत्येक सदऱ्याला पाऊण तास लावला. मग त्यांनी बिब्बा काढला. साठ-सत्तर घरांच्या खुणा त्यांना ठाऊक होत्या, पण आमच्या घराला खूण नव्हती, कारण आमचे कपडे कधी त्या ढिगात गेलेच नव्हते. ते थोडा वेळ विचार करीत बसले. मग कॉलरच्या आतल्या बाजूस त्यांनी एक लहानसे वर्तुळ काढले आणि म्हणाले, "कोणी विचारले कोणाचा, तर हे दाखव."