उचललेले शब्द, उचललेले कष्ट

(संशोधक विद्यार्थिनी व अध्यापिकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वाङ्मयचौर्य हा शब्द जड आहे. बोलताना आपण सरळ ‘उचलेगिरी’ म्हणतो. दुसऱ्याचे शब्द, कल्पना किंवा काम आपलं म्हणून छापणं, एवढाच त्याचा अर्थ. मी एका संशोधनपत्रिकेचं संपादन पाहते. हल्ली लेख आला की पहिला प्रश्न असतो, ‘टक्के किती?’ मला आज या टक्क्यांबद्दल आणि टक्क्यांत न मावणाऱ्या चोरीबद्दल बोलायचं आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याबद्दल नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. प्रबंधात १० ते ४० टक्के निघालं, तर तो सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. त्याच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अध्यापकाच्या लेखात ६० टक्क्यांच्या वर साम्य असेल, तर लेख मागे घ्यायचा, दोन वेतनवाढी जातात आणि तीन वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर हे मात्र मोजायचं नाही.

नियम हवेतच. पण संगणक फक्त जुळणारे शब्द दाखवतो. चोरी झाली का, हे माणसानेच वाचून ठरवायचं असतं. मराठीतून इंग्रजीत उतरवलेला मजकूर त्याच्या हातून सहज निसटतो. आणि एखाद्या मुलीने सहा महिने वस्तीत फिरून मुलाखती घेतल्या, नि तिचं नाव गाळून मार्गदर्शकाने लेख छापला, तर? शब्द कुठेच जुळत नाहीत. यंत्र म्हणतं, सगळं स्वच्छ!

फ्रान्समधल्या मार्त गोतिए या डॉक्टर बाईंचं उदाहरण पाहा. पेशी वाढवण्याचं तंत्र त्यांनी पॅरिसच्या रुग्णालयात उभं केलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत एक गुणसूत्र जास्त असतं, हे त्यातूनच दिसलं. १९५९ साली निबंध छापून आला, तेव्हा पहिलं नाव जेरोम लेज्यून यांचं होतं. बाईंचं दुसरं, तेही चुकीचं छापलेलं. त्यांचा वाटा किती महत्त्वाचा होता, हे तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने मान्य केलं २०१४ साली. मधे ५५ वर्षं गेली.

आता तक्रारीबद्दल. २००२ साली कुमाऊँ विद्यापीठाचे कुलगुरू सहलेखक असलेला एक निबंध परदेशी पत्रिकेत आला. तो स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञ रेनाटा कॅलॉश यांच्या निबंधावरून उचललेला होता. विद्यापीठातल्याच एका प्राध्यापिकेने आवाज उठवला, तर आधी त्रास तिलाच झाला. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि २००३ साली कुलगुरूंना राजीनामा द्यावा लागला. प्रत्येकीच्या पाठीशी स्टॅनफर्ड नसतं. म्हणून तक्रार कशी हाताळावी, हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

पत्रिकांसाठी ‘कोप’ या समितीने क्रम घालून दिला आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तपासायचे. लेखकाकडून लेखी खुलासा मागवायचा. तो पटला नाही तर त्याच्या संस्थेला कळवायचं. छापलेला लेख गुपचूप काढून टाकायचा नाही. तो का मागे घेतला, हे जाहीर करायचं. खुलाशाची संधी मला महत्त्वाची वाटते. इंग्रजीची धास्ती घेतलेली एखादी मुलगी श्रेय कसं द्यावं हेच न शिकवल्यामुळे वाक्यं उचलते. तिला शिकवायला हवं. विद्यार्थिनीचं काम जाणूनबुजून आपल्या नावावर करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आपण काय करायचं? काम सुरू होतानाच कोणाची नावं, कोणत्या क्रमाने, हे लिहून घ्या. निधी मिळवून दिला किंवा विभागप्रमुख आहे, एवढ्याने कोणी लेखक होत नाही. टिपणांवर तारखा घाला. मसुदे जपून ठेवा. तक्रारीला एकटी जाऊ नका. दोघी-तिघी जा, पुरावा कागदावर घेऊन जा.

आणि हेच माप स्वतःलाही लावू या. आपली सर्वेक्षणं वस्तीतल्या बाया उभ्या करतात. त्यांची नावं कुठे असतात? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारणीचं नाव आणि गाव नोंदवलं. जिला नाव नको असेल तिचं झाकावं, पण तिला विचारून. ‘एक स्त्री म्हणाली’ असं लिहिण्याआधी तिला विचारलं का, एवढं आपल्या प्रत्येक लेखाच्या बाबतीत तपासायचं, असं आज इथेच ठरवू या.