मंत्रचळ : स्वभाव नव्हे, आजार
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ही गोष्ट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. पाणी वाटपाच्या जागी जमावबंदी पुकारण्याची वेळ प्रशासनावर आली होती. त्या दिवसांतील एखादे घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. घागरी मोजून भरलेल्या आहेत आणि घरातील सून मात्र तेच हात पंधरा-वीस वेळा धुते आहे, घासलेले भांडे पुन्हा घासते आहे. सासू कावते, नवरा हात उगारतो, शेजारणी नावे ठेवतात. पाणी वाया जात आहे हे त्या सुनेला इतर कोणाहूनही अधिक कळते. हात स्वच्छ झाले आहेत, हेही तिला कळते. तरीही तिला थांबता येत नाही.

हा हट्ट नव्हे, नखरा नव्हे. वैद्यकशास्त्रात या आजाराला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, संक्षेपाने ओसीडी, म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ हा जुना शब्द आहे. परंतु तो कोणाच्याही विक्षिप्तपणाला सरसकट लावला गेल्याने त्यातील वेदना पुसली गेली. या आजाराची अंगे दोन. पहिले, इच्छेविरुद्ध मनात घुसणारा आणि हुसकला तरी न जाणारा विचार : हात अस्वच्छ आहेत, दाराला कुलूप लागले नाही, आपल्या हातून कोणाला इजा होईल. दुसरे, त्या विचाराने उठणारी भीती शमविण्यासाठी करावी लागणारी कृती : धुणे, तपासणे, मोजणे, मांडणे, मनातल्या मनात नाम उच्चारणे. कृती केली की क्षणभर सुटका होते. मात्र त्या क्षणिक सुटकेनेच मेंदूला तीच सवय जडते आणि पुढच्या वेळी शंका अधिक जोराने परत येते. कुलूप एकदा ओढून पाहणे ही सावधगिरी होय. दिवसाचा तासाहून अधिक काळ यात जाऊ लागला किंवा काम, शिक्षण, संसार मोडू लागला, म्हणजे तो आजार समजावा.

या आजाराविषयीचे गैरसमज केवळ अशिक्षितांत आहेत असे नाही. पुरोगामी म्हणविणाऱ्यांतही आहेत. 'हे सुखवस्तूंचे दुखणे, सोवळ्याचे अवशेष' असे एखादा कार्यकर्ता सहज बोलून जातो. सोवळे-ओवळे ही दुसऱ्या माणसाला हीन ठरविणारी सामाजिक व्यवस्था आहे आणि ती पाळणाऱ्याला तिच्यात प्रतिष्ठा वाटते. मंत्रचळाच्या रुग्णाला स्वतःच्या कृतीची लाज वाटते, म्हणून तो ती लपवितो. आजाराचा आशय भोवतालच्या समाजातून उचललेला असू शकतो. जिथे विटाळाची भाषा घराघरांत आहे तिथे भीतीही विटाळाचे रूप घेईल. परंतु आजाराचे मूळ मेंदूच्या कार्यात, काही अंशी आनुवंशिकतेत आणि आयुष्यातील ताणांत आहे. तो जात, धर्म, वर्ग पाहून येत नाही. शेतमजुराच्या घरी तो आला तर फरक एवढाच, की त्याला नाव मिळत नाही.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. काहींच्या मनात देवाविषयी अभद्र विचार येतात. एखाद्या नव्या मातेच्या मनात आपल्याच बाळाला इजा करण्याचे चित्र उमटते. ती भयाने विळी लपवून ठेवते, बाळाला जवळ घेईनाशी होते आणि कोणाला सांगू शकत नाही. वस्तुतः हे विचार तिच्या इच्छेचे नसतात. तिच्या मूल्यांच्या नेमके विरुद्ध असतात, म्हणूनच त्यांनी ती इतकी हादरते. अशा विचारांवरून तिला धोकादायक ठरविणे हा अन्याय आहे. भानामतीच्या समजुतीने ज्या मराठवाड्यात अनेक संसारांची राखरांगोळी केली, तिथे असे काही बोलून दाखविणाऱ्या बाईला बाहेरची बाधा झाली म्हणून मांत्रिकाकडे नेले जाण्याचा धोका अजूनही संपलेला नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मांत्रिकाला आवर घालू शकतो; रुग्णाला दवाखान्यापर्यंत मात्र माणसालाच न्यावे लागते.

तिसरे उदाहरण लातूरच्या शिकवणी वर्गांचे. हा आजार बहुधा कुमारवयात किंवा ऐन विशीत सुरू होतो आणि नेमक्या याच वयाची हजारो मुले लातूर-नांदेडच्या खोल्यांतून घरापासून दूर राहतात. एखादा मुलगा एकच पान तीस वेळा वाचतो, उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ पुनःपुन्हा तपासतो आणि पेपर अपुरा राहतो. शिक्षक त्याला आधी अभ्यासू म्हणतात, नंतर आळशी. वडिलांनी कर्ज काढून भरलेली फी वाया गेली एवढेच घरी कळते.

या आजाराचे प्रमाण किती? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या सर्वेक्षणात प्रौढांमध्ये हा आजार हजारी आठच्या आसपास आढळला. २०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ५८ लाख होती. तेच प्रमाण येथे धरले तर केवळ प्रौढ रुग्ण पंचवीस ते तीस हजार भरतात. हा ढोबळ हिशेब आहे. पण प्रश्न दहा-वीस घरांचा नाही, इतके त्यातून निश्चित दिसते. त्याच सर्वेक्षणानुसार मानसिक विकार असलेल्या दर शंभरांपैकी ऐंशीहून अधिक जण उपचारांविना होते.

आणि उपचार तर आहेत. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने रुग्णाला भीतीच्या वस्तूसमोर नेऊन त्याची सक्तीची कृती रोखण्याची पद्धत मांडली. तोवर हा आजार जवळजवळ असाध्य मानला जाई. आज ही पद्धत पायरीपायरीने, रुग्णाच्या संमतीने वापरली जाते. जोडीला फ्लुओक्सेटिनसारखी औषधे आहेत. ती झोपेची औषधे नव्हेत; त्यांचा गुण दिसायला आठ-बारा आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करू नयेत. सर्वांचा आजार समूळ जात नाही, परंतु बहुसंख्यांचे जगणे पूर्वपदावर येऊ शकते.

राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. तथापि मंत्रचळाच्या रुग्णाला सहसा मनोरुग्णालय लागतच नाही, बाह्यरुग्ण विभाग पुरतो. नांदेडला विष्णुपुरी येथे आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण किनवट-माहूरच्या मजुराला नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर पडते. महिन्याच्या गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे मोडावे लागले, की तिसऱ्या महिन्यात उपचार थांबतात. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा नेमके याच ठिकाणी हक्क देतो : आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी संस्थांत विनामूल्य मिळाली पाहिजेत. त्यांपैकी कोणत्या तालुक्यात ती खरोखर मिळतात, हे तपासणे कार्यकर्त्यांचे काम आहे. रस्ता आणि रेशन यांसाठी जशी निवेदने दिली जातात, तशी या गोळ्यांसाठी आणि समुपदेशकाच्या रिकाम्या जागेसाठीही दिली पाहिजेत.

घरातील माणसांनी एवढे लक्षात ठेवावे. रुग्णाला मारू नये, हिणवू नये; आणि 'हात स्वच्छ आहेत ना?' या प्रश्नाला दिवसातून पन्नास वेळा 'हो' असेही म्हणू नये, कारण त्या दिलाशानेही आजारच पोसला जातो. 'ही शंका आजाराची आहे, आपण डॉक्टरांना दाखवू' एवढे शांतपणे सांगावे. जाणे तत्काळ शक्य नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

दुष्काळात कोणाच्या घरी पाणी नाही हे कार्यकर्त्याला विचारावे लागत नाही, ते दिसते. रिकाम्या घागरीशेजारी हात चोळीत बसलेली ती सून मात्र आपण होऊन काही सांगणार नाही. तिच्या दाराशी जाऊन, तिला न लाजविता, 'याला औषध आहे' असे सांगणारे कोणीतरी गावोगावी असले पाहिजे.