रेशमी पडद्यावरचे दुःख

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. तिथल्या दूरचित्रवाणीने चार दिवस नेहमीचे कार्यक्रम, जाहिरातीसुद्धा, बंद ठेवल्या. चित्रकार अँडी वॉरहॉल याला खटकले ते निराळेच. साऱ्यांनी दुःखी व्हावे अशी योजनाच दूरचित्रवाणी आणि रेडिओ करीत आहेत, असे त्याने पुढे लिहिले. (रेडिओवरूनच हे सांगतो आहे, ही गंमत!)

१९६४ साली त्याने ‘सोळा जॅकी’ हे चित्र केले. जॅकी म्हणजे केनेडींची पत्नी. रीत पाहा. चौकटीवर ताणलेल्या रेशमावर छापील छायाचित्र असे उतरवायचे, की काही छिद्रे बुजतील, काही उघडी राहतील. मग शाई ओतून रबरी पट्टीने ओढायची. खाली कापडावर ठसा तयार! चार छायाचित्रे, प्रत्येक चारदा. कुठे शाई दाट, कुठे विरळ. हत्येपूर्वीची हसरी जॅकी आहे, नंतरची शोकमग्नही आहे.

आता तुम्हीच सांगा, तोच चेहरा चौथ्यांदा पाहताना मन अधिक गलबलते, की डोळे सरावतात? मला विचाराल तर, दुसऱ्या-तिसऱ्या ठशापासून मी बाईचा चेहरा सोडून शाईच पाहू लागतो, आणि धास्ती वाटते ती त्याचीच.