यात्रा संपते, वाट उरायला हवी

दर हिवाळ्यात आपल्याकडे सायकलस्वारांचे जथे लांबच्या प्रवासाला निघतात. कोणी काश्मीरहून कन्याकुमारी गाठतं, कोणी पश्चिम किनाऱ्यावरून थेट ईशान्येकडे जातं. पुढे कापडी फलक, मागे सामानाचा टेम्पो, वाटेत गावोगावी हार-नारळ आणि शेवटी वर्तमानपत्रात छायाचित्र, असा त्याचा क्रम ठरून गेला आहे. यातले कष्ट खरे असतात, उमेदही खरी असते. पण पुढच्या वर्षी त्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्याच्या हाती यातून काय लागतं? पिण्याचं पाणी कुठे मिळतं, घाट संपेपर्यंत पंक्चर काढणारा भेटतो की नाही, कोणत्या गावात शाळेच्या वऱ्हांड्यात पथारी टाकू देतात, हे सगळं त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं की, देश ओलांडणाऱ्या सामूहिक सायकलयात्रेचं यश किलोमीटरवर मोजू नये. तिने मागे इतरांना वापरता येईल अशी वाट ठेवली का, यावर ते मोजावं.

याचा सर्वांत ठळक दाखला अमेरिकेत सापडतो. १९७६ साली त्या देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने ‘बाइकसेंटेनिअल’ नावाची सायकलयात्रा निघाली. तिची कल्पना ज्यांची, ते ग्रेग आणि जून सिपल व डॅन आणि लिस बर्डन ही दोन जोडपी, १९७२ मध्ये अलास्काहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे सायकलने निघाली होती. त्या प्रवासातच ग्रेग सिपल यांना हे सुचलं. त्यांच्या मनातलं पहिलं चित्र जत्रेचं होतं. जाहिरात द्यायची, ठरल्या दिवशी सकाळी हजारो लोकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बागेत आपापली सायकल घेऊन जमायचं आणि टोळधाडीसारखं सगळ्यांनी मिळून पूर्वेकडे निघायचं. प्रत्यक्षात त्यांनी केलं ते बरोबर उलटं. आधी मार्ग पाहिला, नकाशे छापले, मुक्काम ठरवले. मग दहा-बारा जणांच्या तुकड्या करून, प्रत्येक तुकडीला शिकवून तयार केलेला म्होरक्या देऊन, दोन्ही टोकांकडून त्या एकामागून एक सोडल्या. ओरेगनपासून व्हर्जिनियापर्यंत दहा राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे ४,२५० मैलांची, म्हणजे ६,८०० किलोमीटरहून थोडी अधिक होती. सुमारे ४,१०० जण त्या उन्हाळ्यात तिच्यावर उतरले आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी ती टोकापासून टोकापर्यंत पुरी केली.

टोळधाड आणि तुकडी यांतला फरक नुसत्या शिस्तीपुरता नाही. हजारोंचा लोंढा एखाद्या खेड्यात शिरला, तर तिथली विहीर, दुकान आणि लोकांचा संयम एकाच संध्याकाळी आटतो. दहा जण आले, तर गाव त्यांना सामावून घेतं आणि चार दिवसांनी दुसरे दहा आले, तर गावाला त्याची सवय होते. मुक्कामासाठी शाळांच्या व्यायामशाळा आणि चर्चची सभागृहं घेतली गेली. दिवसा ज्याने त्याने आपल्या दमाने चालवायचं आणि संध्याकाळी ठरल्या ठिकाणी एकत्र यायचं, अशी रीत होती. त्यामुळे कोलोरॅडोत साडेतीन हजार मीटर उंचीवरची हूझिअर खिंड चढताना मागे पडलेल्याला कोणी हिणवायचं कारण नव्हतं. व्हर्जिनियात ब्लू रिज डोंगराच्या खड्या चढावर ॲफ्टन हे गाव आहे. तिथे जून करी नावाच्या बाई वडिलांबरोबर राहत होत्या. चढून दमलेले सायकलस्वार पाणी मागायला थांबू लागले, तेव्हा त्यांनी पाण्याबरोबर घरी भाजलेली बिस्किटं द्यायला सुरुवात केली. तो उन्हाळा संपला, तरी हा परिपाठ पुढची कित्येक वर्षं चालू राहिला. जगभरातून आलेल्या पोस्टकार्डांनी त्यांच्या घराच्या भिंती भरून गेल्या. एकदाच येऊन गेलेल्या जत्रेने असं घर उभं राहिलं नसतं. वाट कायम राहिली आणि तिच्यावर माणसं येत राहिली, म्हणून ते राहिलं.

ही वाट आपोआप टिकली नाही. यात्रा संपल्यावर संयोजकांनी संस्था मोडली नाही. तीच संस्था पुढे ‘ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ झाली, नकाशे सुधारत राहिली आणि आज तिच्या मार्गांचं जाळं सुमारे ५० हजार मैलांचं आहे. १९८२ मध्ये त्या पहिल्या वाटेच्या व्हर्जिनिया, केंटकी आणि इलिनॉयमधल्या भागाला ‘सायकल मार्ग ७६’ अशी अधिकृत ओळख मिळाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यासाठी नवा रस्ता बांधावा लागला नाही. होते तेच कमी वर्दळीचे ग्रामीण रस्ते निवडून जोडले गेले. खर्च झाला तो माहिती गोळा करण्यावर आणि ती ताजी ठेवण्यावर.

यावर पहिला आक्षेप सहज येईल. ते अमेरिकेचं झालं. आपल्याकडे रस्त्यांवर ट्रक आणि एसटीच्या शेजारून सायकल चालवायची म्हणजे जिवाशी खेळ. महामार्गापुरतं हे अगदी खरं आहे आणि आपल्या बहुतेक सायकलयात्रा महामार्गानेच जातात, हीच अडचण आहे. पण २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून देशात सात लाख किलोमीटरहून अधिक ग्रामीण रस्ते झाले आहेत. ते सगळेच चांगल्या स्थितीत नाहीत. कुठे डांबर उखडलेलं आहे, कुठे पूल पावसात बुडतो. नेमकं म्हणूनच त्यांतले कोणते घ्यावेत हे चालवून पाहून नोंदवणाऱ्याची गरज आहे. हे काम सायकलयात्रेइतकं चांगलं दुसरं कोण करील? सायकल हा आता शहरातल्या हौशी लोकांचा खेळ झाला आहे, असंही म्हटलं जातं. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. हवा भरणारा आणि चेन बसवून देणारा माणूस आपल्या बाजाराच्या गावात सहज भेटतो. महागड्या सायकलींनी तो दिसेनासा झालेला नाही. आपण त्याला नकाशावर घेतलेलं नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाबा आमटे यांनी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर आणि १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशा ‘भारत जोडो’ यात्रा काढल्या. पाठीच्या दुखण्यामुळे स्वतः वाहनात पडून राहावं लागत असताना त्यांनी तरुण-तरुणींना सायकलवर देशभर नेलं. त्या यात्रांचा हेतू देश फुटू नये हा होता, पर्यटनमार्ग आखण्याचा नव्हता. तेव्हा त्यांना नकाशा कुठे आहे असं विचारणं अन्यायाचं होईल. हे मला मान्य आहे. संकटाच्या काळी काढलेल्या यात्रेचा निकष वेगळाच असतो. पण आज एकात्मतेचं नाव घेऊन निघणाऱ्या यात्रांना हा प्रश्न विचारता येतो. परप्रांतातल्या एका गावात एक रात्र राहून भाषण केल्याने जेवढी ओळख होते, त्याहून त्याच गावात दरवर्षी वेगवेगळे लोक मुक्कामाला येत राहिल्याने अधिक होते. संदेश टिकवायचा, तर जाणं-येणं टिकवावं लागतं.

आणि ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवावी अशी नाही. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त घालून दिली. दिंड्यांचा क्रम ठरला. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम ठरले. नवा वारकरी आला, तर त्याला वाट शोधावी लागत नाही आणि गावालाही पाहुणा कधी येणार हे ठाऊक असतं. वारीमागे श्रद्धा आहे, सायकलयात्रेमागे ती नाही, असं कोणी म्हणेल. पण श्रद्धा माणसाला घरातून बाहेर काढते. त्याला पाणी, जेवण आणि निवारा मिळतो तो व्यवस्थेमुळे. ती व्यवस्था श्रद्धेशिवायही उभी करता येते, हे १९७६ने दाखवून दिलं आहे. तेव्हा यापुढे लांबच्या यात्रेला निघणाऱ्या मंडळांनी एवढं करावं: महामार्ग सोडून रस्ता निवडावा, मोठ्या ताफ्याऐवजी छोट्या तुकड्या कराव्यात, रोजचं पाणी, दुरुस्ती आणि मुक्काम यांची नोंद ठेवावी, ती त्या त्या भागातल्या भाषेत छापून ग्रामपंचायतींकडे आणि शाळांकडे द्यावी, आणि पुढच्या वर्षी नवी दिशा धरण्याऐवजी तीच नोंद घेऊन दुसऱ्या तुकडीला पाठवावं. अशा यात्रेला स्वागताच्या कमानी कदाचित कमी लागतील; पण ज्याला सात दिवसांचीच रजा आहे, त्यालाही तिचा एक तुकडा चालवता येईल.