अंजूरचे गंगाजी नाईक

फ्रान्समध्यें कॅथॉलिक व ह्यूगनॉ यांचीं धर्मयुद्धें १५६२ पासून १५९८ पर्यंत चाललीं. त्या काळच्या फ्रेंच सरदारांपुढें प्रश्न एकच होता : राजाशीं इमान राखावें कीं आपल्या धर्माशीं? त्याच सुमारास, १५६० सालीं, गोव्यांत इन्क्विझिशन स्थापन झालें. त्याचा हात वसई-साष्टीपर्यंत पोंचला, आणि तोच प्रश्न उत्तर कोंकणांतील वतनदारांच्या दाराशीं येऊन उभा राहिला.

वसई व साष्टी हा मुलूख गुजरातच्या सुलतानानें १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांस दिला. पुढें देवळें पडलीं, उघड धर्मकृत्यांस बंदी झाली, अनाथ मुलांना ख्रिस्ती धर्मांत वाढविण्याचा कायदा आला. आईबापांचें छत्र हरपलेलें मूल आजोळीं लपवून ठेवण्याची पाळी यावी, यापरता जुलूम तो कोणता?

भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक हे अशा काळांतले. चिंचवडच्या मोरयावर त्यांची निष्ठा. आजही अंजूरच्या वाड्यांत गणपति आहे. परंतु केवळ नवस करून बसणाऱ्यांपैकीं ते नव्हते. नाईक बंधूंचें खरें बळ तलवारींत नव्हे, माहितींत होतें. खाडीस ओहोटी केव्हां लागते, उतार कोठें सांपडतो, कोणत्या गांवीं कोणता माणूस विश्वासाचा, हें पुण्याच्या स्वारांना कोठून कळणार? पेशव्यांच्या दरबारीं खेटे घालून त्यांनीं हें ज्ञान मराठी फौजेच्या स्वाधीन केलें. परक्या अमलाखालीं अशी खटपट करणें म्हणजे शीर तळहातावर घेणें होय. उघडकीस येती, तर साऱ्या घराण्याचा निकाल लागता.

१७३७ च्या वसंतांत मराठे रात्रीं खाडी उतरून ठाण्यावर आले. तेथील किल्ल्याचें बांधकाम अद्याप अपुरें होतें. उत्तर प्रांताचा पोर्तुगीज अधिकारी लुई बोतेल्यु यानें पळ काढला, आणि पाठोपाठ घोडबंदरही पडलें. वसई मात्र सहजासहजीं हातीं येणारी नव्हती. खाडीच्या अलीकडे, भाईंदरच्या बाजूस, धारावीची टेकडी आहे. तिच्यावरील तोफांखालून खाडीचें मुख जातें. ती ताब्यांत आल्यावांचून वसईची कोंडी पुरी होत नव्हती. १७३९ च्या आरंभीं चिमाजी आप्पांनीं ती घेतली. मग सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालीं सुरुंग उडाले, दोन्हीं बाजूंचीं हजारों माणसें खपलीं, आणि मे महिन्यांत किल्ला शरण आला.

येथें तहाचीं कलमें पाहण्याजोगीं आहेत. शिबंदीला शस्त्रांसह, निशाणें फडकवीत बाहेर पडूं दिलें. ज्यांस जावयाचें त्यांस वाट मोकळी. जे राहतील त्यांच्यासाठीं कांहीं चर्चे राखलीं. दोन वर्षें रक्त सांडलेल्या सैन्याकडून ही अपेक्षा थोडी नव्हती. अर्थात् पुष्कळ चर्चे पुढें ओस पडलीं, कांहींच्या घंटा देवळांत गेल्या, हेंही लपविण्याचें कारण नाहीं. फ्रान्समध्यें नांटच्या फर्मानानें १५९८ सालीं ह्यूगनॉंना उपासनेची मोकळीक मिळाली होती; १६८५ सालीं चौदाव्या लुईनें ती काढून घेतली आणि लाखों लोक देशोधडीस लागले.

साष्टीचे ख्रिस्ती कोळी व शेतकरी तेथेंच राहिले. आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत, त्याच धारावीच्या डोंगराखालीं, उत्तन आणि डोंगरी येथें त्यांचीं घरें आहेत, होड्या आहेत, आणि चर्चमधली प्रार्थना मराठींत होते.