करिंथची पंगत



वसईतल्या या परिषदेचा मी स्वागताध्यक्ष. स्वागताध्यक्षाला विषयातले काही कळावे लागत नाही. मंडप, पाणी आणि पार्किंग यांची सोय लागली की त्याचे काम झाले, असा आपल्याकडे रिवाज आहे. माझे आयुष्य पतपेढीच्या कारभारात गेले. ग्रीक मला येत नाही. पण नव्या करारातली पौलाची पत्रे मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, आणि पत्रव्यवहार म्हणजे काय हे मला चांगले ठाऊक आहे. तेव्हा माईक हातात आहे तोवर थोडे बोलून घेतो.

आधी या मातीविषयी. इथून हाकेच्या अंतरावर सोपारा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. त्याहून कमी जणांना माहीत असलेली गोष्ट अशी, की इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर ग्रीक बोलणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक वाटाड्यावजा पुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. तीत सोपाऱ्याचे नाव आहे, कल्याणचे आहे. तीच ती वर्षे, ज्यांत पौल आपली पत्रे सांगून लिहून घेत होता. आणि ग्रीकही तेच, बाजारात आणि बंदरावर चालणारे. एवढेच मी म्हणतो, याच्या पुढे जात नाही. प्रेषित बार्थोलोमिव कल्याणला उतरले ही परंपरा मलाही जवळची वाटते. पण उद्याच्या चर्चेत जे कोणी ती पुरावा म्हणून मांडतील, त्यांनी सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाच्या मागे नेणारा एखादा कागद किंवा दगड सोबत आणावा. कल्लियानात, म्हणजे कल्याणात, इराणहून नेमलेला बिशप असल्याचे कॉस्मस लिहितो. त्याच्या अलीकडे आपण ठाम उभे राहू शकतो, पलीकडे नुसती श्रद्धा.

आता पत्रांकडे वळतो. आमच्या पतपेढीच्या कपाटात जुन्या फायली आहेत. पुष्कळदा असे होते, की आम्ही पाठवलेल्या उत्तराची प्रत सापडते, पण सभासदाची मूळ तक्रार गहाळ झालेली असते. मग उत्तरावरून भांडण काय होते ते ताडावे लागते. करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र मी असेच वाचतो. त्या 'पहिल्या' पत्रातच आधीच्या एका पत्राचा उल्लेख आहे, ते आज कुठेही नाही. करिंथकरांनी पौलाला काही प्रश्न लिहून पाठवले होते, तेही पत्र गेले. ख्लोवे नावाच्या बाईच्या घरची माणसे तोंडी बातमी घेऊन आली होती, त्यांनी नेमके काय सांगितले ते कळत नाही. आपल्या हाती उरले आहे ते फक्त उत्तर.

या उत्तराचा काळ मात्र बराचसा पक्का सांगता येतो, तो ग्रीसमधल्या डेल्फी इथे सापडलेल्या एका शिलालेखाच्या तुकड्यांमुळे. त्यात सम्राट क्लौदियसच्या पत्रात गल्लियो या प्रांताधिकाऱ्याचे नाव येते. 'प्रेषितांची कृत्ये' सांगते, की पौलाला करिंथमध्ये याच गल्लियोपुढे उभे केले होते. दोन्ही जुळवले की पौलाचा करिंथमधला मुक्काम इसवी सन ५० ते ५२ च्या आसपास येतो, आणि हे पत्र त्यानंतरच्या काही वर्षांतले ठरते. पौलाच्या आयुष्याची बाकीची सगळी सनावळी या एका दगडाला टांगलेली आहे म्हटले तरी चालेल. मार्कचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासकांच्या मते ७० च्या सुमाराचे. म्हणजे नव्या कराराच्या पुस्तकात शुभवर्तमाने आधी आणि पत्रे नंतर असली, तरी लिहिली गेली ती उलट्या क्रमाने. आमच्या गावातल्या प्रवचनांत हे फारसे ऐकू येत नाही.

आणि करिंथकरांच्या त्या पत्रात भांडण कशाचे? नवशिक्या वाचकाला वाटते, मोठमोठ्या सिद्धांतांचे असेल. तेही आहे. पण अकराव्या अध्यायात भांडण जेवणाचे आहे. मंडळी प्रभुभोजनासाठी एकत्र जमते. ज्याच्याकडे आहे तो आधी जेवून घेतो, कुणी पिऊन तर्र होतो, आणि कुणी उपाशी राहतो. जर्मन अभ्यासक गेर्ड टाइसन यांनी याचा सामाजिक उलगडा केला आणि तो मला पटतो. चर्चची इमारत तेव्हा नव्हतीच. जमायचे ते कुणातरी ऐपतदाराच्या घरी. रोमन घरातल्या जेवणाच्या दालनात तीन बाजूंनी बैठका असत, त्यांवर नऊ-दहा माणसे रेलून जेवत. बाकीच्यांनी अंगणात बसायचे. यजमानाच्या बरोबरीचे पाहुणे लवकर येत. गुलाम आणि मजूर काम उरकल्यावर येणार, तोवर पातेली खरवडलेली. पौल त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगतो. भुकेलाच असेल तर त्याने घरी खाऊन यावे, असेही सांगतो. हे दुसरे वाक्य मला नेहमी खटकते. श्रीमंताला त्याने थोडक्यात सोडले, असे वाटते. यावर विद्वानांनी बोलावे.

याच्या आधी अंत्युखियात याहून मोठा प्रसंग घडला होता. गलतीकरांच्या पत्रात पौल तो स्वतः सांगतो. पेत्र तिथे बिगर-यहुदी बांधवांसोबत जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली तसा तो मागे सरकला आणि वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमक्ष तोंडावर सुनावले. प्रेषितांमधला पहिला नोंदलेला वाद आहे तो पंक्तिभेदाचा. महाराष्ट्रात हा मजकूर वाचणाऱ्याला टीपा लागत नाहीत. आपल्याच चर्चमध्ये धर्मांतरानंतर जात कुठवर आत आली, हेही आपण जाणतो, आणि तिसऱ्या दिवशी त्यावर स्वतंत्र सत्र आहे, म्हणून मी थांबतो.

करिंथच्या पत्रानंतर साठेक वर्षांनी, ११२ च्या सुमारास, बिथुनियाचा राज्यपाल प्लिनी सम्राट त्रायानला लिहितो, की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि पुन्हा जमून जेवतात. ते जेवण मात्र साधे, निरुपद्रवी असते. माहिती काढायला त्याने दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला. मंडळीत त्यांना सेविकेचे पद होते, असे तो लिहितो. त्यांची नावे लिहिण्याची गरज त्याला वाटली नाही. पौलाच्या पत्रांत मात्र नावे आहेत: रोमकरांच्या पत्राच्या शेवटी किंख्रियाची फिबी, युनिया, प्रिस्किल्ला, आणि पत्र लिहून घेणारा तर्त्य, जो मध्येच आपलाही नमस्कार घुसडतो. मला तो अध्याय फार आवडतो. वाचनाच्या वेळी लोक तो गाळतात.

पाहुण्यांना थोडी ताकीदही द्यायला हवी. 'दिदाखे' नावाची एक छोटी नियमावली आहे, पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. १०५६ मध्ये लिहिलेल्या तिच्या हस्तलिखितावर १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूंची नजर पडली. फिरता प्रेषित आला तर त्याला एक दिवस ठेवावे, गरज पडली तर दोन; तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा, असे ती सांगते. निघताना पैसे मागितले तरी खोटा. आपली परिषद तीन दिवसांची आहे आणि प्रवासखर्चाचे फॉर्म बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. समितीने या बाबतीत परंपरा मोडायचे ठरवले आहे.

अभ्यासाने श्रद्धा डळमळते का, असे आमच्या स्वयंसेवकांपैकी काहींनी विचारले. उत्तरादाखल एक उदाहरण देतो. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा एक तुकडा आहे, हाताच्या पंज्यापेक्षाही लहान. पुढे-मागे मोजक्या ओळी, पिलातापुढच्या चौकशीच्या. तो १२५ चा, असे बरीच वर्षे छातीठोक सांगितले जाई. आता अभ्यासक अख्खे दुसरे शतक आणि त्याच्याही पुढची थोडी मुभा ठेवतात. तारीख सैल झाली म्हणून अक्षरे पुसली गेली नाहीत.

मूळ मजकुराच्या अभ्यासाचे हे काम मराठीला नवे नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले; केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते खिळे जुळवून छापले, आणि १९२४ मध्ये ते पूर्ण बाहेर आले तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षे झाली होती. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिले आणि साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषवले. ते २०२४ मध्ये गेले. आज ते पुढच्या रांगेत असते, तर माझे भाषण लांबले म्हणून घड्याळाकडे बघत असते.

सोपाऱ्याच्या स्तूपाकडे जाणारी बस उद्या सकाळी सहाला सुटेल, थांबणार नाही. बाहेरच्या प्रदर्शनातली जुनी पुस्तके कृपया स्वयंसेवकाला विचारूनच उघडावीत. आता अध्यक्षांना विनंती करतो, की त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.