नहरींच्या शहरात आपले स्वागत



व्यापारी इमारतींतील स्प्रिंकलरच्या मानकांवर विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत स्वागत समितीच्या आणि समस्त छत्रपती संभाजीनगरकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. विषयाचे ज्ञान आपल्याकडे आहे. माझ्याकडे आहे ते माझे शहर, आणि त्याविषयी बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

इथे पूर्वी खडकी नावाचे खेडे होते. १६१० साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तिथे शहर वसवले. हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष कर्तबगारीने दख्खनचा कर्ताधर्ता झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याचा भडकल दरवाजा आजही उभा आहे. दरवाजांचे शहर म्हणून आमचे नाव आहे, वेरूळ-अजिंठ्याला जाणारे प्रवासी इथे उतरतात, हिमरू विकत घेतात, नान-खलिया खाऊन तृप्त होतात. पण मलिक अंबरची खरी थोरवी जमिनीच्या पोटात आहे, म्हणून ती विसरली गेली.

त्या थोरवीचे नाव नहर-ए-अंबरी. पाण्यावाचून शहर नाही हे ओळखून त्याने उत्तरेच्या डोंगरांत झिरपणारे पाणी भुयारांतून आणि खापरी नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. मोट नाही, बैल नाही. पुढे त्याच विद्येवर आणखी नहरी झाल्या. त्यांतलीच एक पाणचक्कीची. डोंगरातले पाणी बंद नळांतून येते, स्वतःच्या दाबाने उंच भिंतीवर चढते आणि धबधब्यासारखे हौदात कोसळते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर-यात्रेकरूंसाठी याच पाण्याने जाते फिरवून पीठ दळले जाई. परिषदेचे सत्र संपल्यावर आपण सर्वांनी पाणचक्की पाहावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. दाबाचे आणि नळाच्या मापाचे गणित मांडणाऱ्यांना ते तीर्थक्षेत्रच वाटेल.

या नहरी कोणा शत्रूने उद्ध्वस्त केल्या नाहीत. त्यांच्यावर घरे चढली, आत मुळे शिरली, गाळ साचला आणि तपासणारा माणूस उरला नाही. आज शहर पैठणच्या नाथसागर जलाशयावर अवलंबून आहे. नळ शाबूत दिसतो, पण आत पाणी नाही, ही अवस्था किती घातक असते हे आम्ही जाणतो. स्प्रिंकलरच्या नळालाही हेच लागू आहे, म्हणून आपल्या विषयाशी या शहराचे पहिले नाते मला इथे दिसते.

दुसरे नाते दुःखाचे आहे. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार दगावले. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीत खाली कपड्यांचे दुकान पेटले आणि वरच्या मजल्यावरचे एकाच कुटुंबातील सात जण गुदमरले. दोन्ही वेळी माणसे झोपेत होती. स्प्रिंकलरच्या ज्या तोटीतली काचेची कुपी साधारणपणे ६८ अंश सेल्सिअसला आपोआप फुटते आणि कोणी न उठवता पाणी सोडते, तिचे मोल अशा वेळी कळते.

म्हणून यजमान या नात्याने परिषदेकडे माझे एक मागणे आहे. राष्ट्रीय इमारत संहिता आणि आयएस १५१०५ यांची मानके उंची, क्षेत्रफळ आणि धोक्याचा वर्ग पाहून लागू होतात. आमच्या गुलमंडी, शहागंज, औरंगपुऱ्यातली दुकाने उंचीने आणि क्षेत्राने लहान आहेत. पण खाली कापडाचे तागे, वर बिऱ्हाड आणि मध्ये एकच जिना, अशी त्यांची रचना असते. अशा दुकानांना झेपेल आणि जीव वाचवील अशी व्यवस्था आपण सुचवावी.

आता व्यवस्थेविषयी. उन्हाळ्याचे दिवस, शहराला रोज पाणी नाही, त्यामुळे निवासस्थानी टँकर मागवले आहेत. काही प्रतिनिधींची सोय सिडकोत, काहींची स्थानकाजवळ करावी लागली. गाड्या लावायला जागा अपुरी आहे, रस्त्यांची कामे चालू आहेत. मंडपात उकाडा जाणवेल. जेवणात कोणाला तिखट लागेल, कोणाला चहा उशिरा मिळेल. या सर्व उणिवांबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. कार्यकर्ते तत्पर आहेत, त्यांना हक्काने सांगावे.

सराफ्यातील आणि मोंढ्यातील व्यापाऱ्यांनी, जाधववाडीच्या अडत्यांनी, वाळूज-चिकलठाणा-शेंद्र्याच्या उद्योजकांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. कोणी धान्य दिले, कोणी खोल्या, कोणी गाड्या. नाव छापू नका असे बजावून रक्कम देणारेही आहेत. अग्निशमन दलाच्या जवानांनी मंडपाची सुरक्षा पाहिली. विद्यार्थी स्वयंसेवक रात्रभर राबले. या सर्वांचा मी ऋणी आहे.

शेवटी माझ्या व्यापारी बांधवांना सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. ते प्रमाणपत्र फाइलीसाठी घेऊ नका. पंप समोर चालवून घ्या, टाकीत वाकून पाहा, झडप उघडी असल्याची खात्री करा आणि मगच ते स्वीकारा.